स्किमरचे स्पॉट अधिक अचूक कसे करावेत

बँडमॅपवरच्या, म्हणजे संगणकावरील बँडच्या नकाशावरच्या स्पॉटवर (कोणते स्टेशन कोणत्या वारंवारतेवर ऐकू आले याच्या नोंदीवर) टिचकी मारावी, रेडिओ त्या वारंवारतेवर जावा आणि तिथे कोणीच नसावे, किंवा असलेच तर भलतेच स्टेशन असावे, हा अनुभव बहुतेक हॅमना, म्हणजे हौशी रेडिओ चालकांना आलेला असतो. असे स्पॉट गोळा करणाऱ्या रिव्हर्स बीकन नेटवर्कसारख्या जाळ्याला स्पॉट पुरवणारा स्किमर, म्हणजे बँड ऐकून स्टेशनांची ओळखचिन्हे (कॉल साइन) आपोआप टिपणारी यंत्रणा चालवणाऱ्याने ही चूक आपल्या बाजूने कशी कमी करावी, हे येथे मांडले आहे. चुका मुख्यतः तीन प्रकारच्या असतात: वारंवारता चुकते, कॉल साइन चुकते किंवा अस्तित्वातच नसलेला सिग्नल नोंदवला जातो. बरेच जण थेट सॉफ्टवेअरमधील पडताळणीची पातळी वाढवून मोकळे होतात. माझ्या मते ते काम शेवटी करावे, कारण रिसीव्हरने बिघडवलेला सिग्नल पुढच्या कोणत्याही गाळणीला पूर्णपणे सुधारता येत नाही.

आधी वारंवारता पाहावी. एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या) रिसीव्हरच्या घड्याळातील चूक पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षांश प्रमाणात मोजली जाते आणि ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढत जाते. १० पीपीएमची चूक १.८ मेगाहर्ट्झवर फक्त १८ हर्ट्झ असते, पण १४ मेगाहर्ट्झवर ती १४० आणि २८ मेगाहर्ट्झवर २८० हर्ट्झ होते. स्पॉटमधील वारंवारता ०.१ किलोहर्ट्झपर्यंत लिहिली जात असल्याने खालच्या बँडवर निर्दोष वाटणारा स्किमर दहा मीटरच्या (२८ मेगाहर्ट्झच्या) बँडवर सरळ दोन-तीन अंकांनी चुकलेला दिसतो. म्हणून कॅलिब्रेशन शक्य तितक्या वरच्या वारंवारतेवर करावे. डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे प्रमाणवेळ केंद्र २.५, ५, १०, १५ आणि २० मेगाहर्ट्झवर प्रसारण करते. त्यातील नीट ऐकू येणारा सर्वांत वरचा वाहक निवडावा. रिसीव्हर चालू करून किमान अर्धा तास तापू द्यावा आणि मगच मोजमाप घ्यावे, कारण थंड क्रिस्टलवर केलेले कॅलिब्रेशन तासाभरात निरुपयोगी ठरू शकते. मोजलेली चूक हर्ट्झमध्ये घेऊन तिला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की पीपीएम मिळतात. स्किमर सर्व्हरमध्ये ही दुरुस्ती एकच्या आसपासच्या एका गुणकाच्या रूपाने द्यावी लागते. तो बदलल्यावर चूक शून्याकडे जाण्याऐवजी दुप्पट झाली, तर गुणक उलट्या दिशेने बदलला आहे असे समजावे. हा घोळ वाटतो त्यापेक्षा फार सहज होतो. जीपीएसवरून शिस्तीत ठेवलेला संदर्भ दोलक जोडता येत असेल, तर हा प्रश्न जवळजवळ मिटतोच.

यानंतर सिग्नलची शुद्धता. एडीसीच्या, म्हणजे सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाच्या प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबल गतिक पल्ला (सर्वांत क्षीण आणि सर्वांत जोरदार सिग्नलांमधील अंतर) मिळतो. त्यामुळे ८ बिटांच्या स्वस्त डोंगलला जेमतेम ४८, तर १६ बिटांच्या रिसीव्हरला सुमारे ९६ डेसिबल पल्ला उपलब्ध असतो. जवळच्या प्रसारण केंद्राचा किंवा शेजारच्या हॅमचा जोरदार सिग्नल एडीसीला ओसंडून टाकतो, तेव्हा एकच कॉल साइन बँडवर चार ठिकाणी उमटते आणि स्किमर प्रामाणिकपणे चारही ठिकाणचे स्पॉट पाठवतो. अशा वेळी प्रवर्धन (गेन) वाढवण्याचा मोह टाळून आधी सिग्नल क्षीण करणारा अॅटेन्युएटर लावावा आणि हवा तेवढाच पट्टा आत सोडणारा बँडपास फिल्टर बसवावा. अँटेना जोडल्यावर गोंगाटाची पातळी काही डेसिबल वर गेली, तर रिसीव्हरची संवेदनशीलता पुरेशी आहे असे धरावे. त्यापुढचा गेन फक्त चुका वाढवतो. रिसीव्हर सिग्नलचे ज्या दोन शाखांत विभाजन करतो, त्या आय आणि क्यू शाखांत समतोल नसेल, तर मध्य वारंवारतेच्या पलीकडे सिग्नलची आरशातली प्रतिमा दिसते. एकच कॉल साइन मध्यापासून दोन्ही बाजूंना समान अंतरावर नोंदवली जाऊ लागली, की हे कारण जवळजवळ नक्की समजावे. ज्यांच्याकडे स्वतःचा प्रक्षेपकही आहे, त्यांनी प्रक्षेपण चालू असताना स्किमरचा अँटेना वेगळा काढणारा रिले बसवावा.

आता कॉल साइन. मोर्समधील चुका बहुतांशी ठरावीक साच्यातल्या असतात. एस म्हणजे तीन डिट (टिंबे), एच म्हणजे चार आणि पाच हा आकडा म्हणजे पाच डिट. सिग्नल ओसरताना एक डिट गळाला किंवा विजेच्या कडकडाटाने एक जास्तीचा डिट घातला, की एकाचे दुसरे होते. डी, बी आणि सहा यांचेही तसेच: एका डानंतर (रेघेनंतर) दोन, तीन किंवा चार डिट. प्रति मिनिट २५ शब्दांच्या वेगाला एक डिट केवळ ४८ मिलिसेकंदांचा असतो, ४० शब्दांच्या वेगाला ३० मिलिसेकंदांचा, तेव्हा गोंगाटाच्या एका ठिणगीला तेवढा वेळ पुरेसा होतो. म्हणूनच अँटेनाजवळचे खराब वीजपुरवठे शोधून बंद करणे हे कॉल साइनच्या अचूकतेसाठी कोणत्याही सेटिंगपेक्षा अधिक उपयोगी पडते, हे ऐकायला कितीही नीरस वाटले तरी.

स्किमरच्या सॉफ्टवेअरमधील पडताळणीच्या पातळ्या मिनिमलपासून पॅरानॉइडपर्यंत आहेत. नॉर्मल पातळीवर सुरुवात करावी. कॉल साइनचे साचे सांगणारी फाइल आणि ज्ञात कॉल साइनची यादी अद्ययावत ठेवावी, परंतु यादीवर आंधळा भरवसा टाकू नये. स्पर्धेसाठी नव्याने मिळालेली विशेष कॉल साइन यादीत नसते, आणि फार कडक गाळणी तिला दाबून जवळच्या जुन्या नावाचा विचार करू लागते. डिजिटल सिग्नलांच्या पट्ट्या, उदाहरणार्थ एफटी८ या डिजिटल पद्धतीसाठीची १४.०७४ मेगाहर्ट्झची जागा, सीडब्ल्यू (मोर्स) विभागातून वगळाव्यात, कारण त्या टोनांमधून डिकोडर ई आणि टी यांची निरर्थक माळ काढत बसतो.

एफटी८ चे स्पॉट पाठवणाऱ्यांचे काम त्या मानाने सोपे आहे. संगणकाचे घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) अचूक वेळेच्या एका सेकंदाच्या आत ठेवावे. ७७ बिटांच्या संदेशासोबत १४ बिटांची सीआरसी (चुका ओळखणारी) तपासणी असते, तरीही गोंगाटातून निघालेला संदेश १६,३८४ पैकी एका संधीने ती पार करू शकतो. म्हणून पूर्वज्ञान वापरून उलगडलेल्या आणि प्रश्नचिन्ह लागलेल्या नोंदी स्पॉट म्हणून स्वीकारू नयेत.

बदलाचा परिणाम तपासताना अंदाजावर विसंबू नये. बँडची परिस्थिती दर तासाला बदलते, त्यामुळे काल आणि आज यांची तुलना फसवी ठरते. बँडचे एक आय-क्यू ध्वनिमुद्रण करून तेच दोन वेगवेगळ्या सेटिंगांनी पुन्हा चालवावे आणि दोन्ही वेळच्या स्पॉटांच्या याद्या समोरासमोर ठेवाव्यात. वारंवारतेसाठी मात्र जाळ्याचा उपयोग करावा: त्याच मिनिटाला तीच कॉल साइन नोंदवणाऱ्या इतर स्किमरांच्या वारंवारतांचा मध्यक काढावा आणि आपला फरक बँडनिहाय मांडावा. फरक वरच्या बँडकडे प्रमाणात वाढत असेल, तर घड्याळ दुरुस्त करावे. सर्व बँडवर सारखाच असेल, तर सॉफ्टवेअरमधील टोन किंवा मध्य वारंवारतेचे सेटिंग तपासावे. स्पॉट वाचणाऱ्या बाजूला काही क्लस्टर (स्पॉट वाटणारे सर्व्हर) नोंदींवर खूण लावतात: व्ही म्हणजे पडताळलेली, बी म्हणजे चुकलेली, क्यू म्हणजे वारंवारता बदललेली आणि प्रश्नचिन्ह म्हणजे अनिश्चित. आपल्या स्किमरच्या नावावर बी किती वेळा लागते, हे मोजत राहावे, आणि कोणत्या बँडवर व कोणत्या वेळी लागते याची नोंद वहीत ठेवावी. रात्रीच ती वाढत असेल, तर कारण गुणकात शोधण्याआधी ४० मीटरच्या (७ मेगाहर्ट्झच्या) बँडवरचा प्रसारण केंद्राचा भार पाहावा.