वाटाड्याच्या मागे दोन दिवस

सह्याद्रीत निभावून न्यायला शिकायचं असेल तर शिकवणारा त्याच डोंगरातला शोधा. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या ज्या मामांकडून मी शिकले, त्यांचं सगळं आयुष्य गुरांमागे गेलंय. दोन दिवसांची मजुरी आधी ठरवा, पूर्ण द्या आणि स्पष्ट सांगा, ‘मामा, गड दाखवू नका, वाट ओळखायला शिकवा.’ नाहीतर ते तुम्हाला सुखरूप फिरवून आणतील आणि तुम्ही आलात तसेच घरी जाल.

पहिल्या दिवशी त्यांच्या मागे चाला. दुसऱ्या दिवशी पुढे, आणि प्रत्येक फाट्यावर कुठली वाट ते आधी तुम्ही सांगा. मी पहिल्याच फाट्यावर चुकले. रुंद, मळलेली वाट दिसली म्हणून डावीकडे वळले. मामांनी जाऊ दिलं. थोड्याच वेळात फांद्या छातीला आडव्या यायला लागल्या आणि पुढे गवतात वाट चार ठिकाणी फुटली. ती ढोरवाट होती. गुरं फांदीखालून निघून जातात, माणूस अडतो. माणसांच्या वाटेवर कोयत्याने छाटलेल्या फांद्यांची खुंटं दिसतात, आणि कातळावर पाय पडून पडून गुळगुळीत झालेला पट्टा. सकाळच्या तिरप्या उन्हात खाली बसून बघा, तो चमकतो.

वाट हरवली की ओढ्याने खाली उतरा, असं बरेच जण सांगतात. इथे ते अजिबात करू नका. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय, म्हणून उतार सलग नाही, मध्ये मध्ये उभे कडे आहेत. मामांनी मला एका ओढ्याच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. ‘ताई, पानी हितून उडी टाकतं. तुमाला जमंल का?’ त्यापेक्षा शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. धुकं किंवा अंधार असेल तर जागा सोडू नका. मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा.

साप चावला तर चिरा नको, आवळून बांधणं नको. अंगठ्या-बांगड्या काढा, हातपाय हलवू न देता उचलून न्या, १०८ ला फोन लावा.

जाळ मात्र जंगलात शिकू नका. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मामांच्या अंगणात शिका, तेही पावसाळ्यात. जमिनीवर पडलेलं लाकूड भिजून फुगलेलं असतं, ते सोडा. उभं वाळलेलं घ्या, कोयत्याने ओली साल तासा आणि आतल्या कोरड्या गाभ्याच्या पातळ ढलप्या काढा. मला मूठभर पुरतील असं वाटलं होतं. मामांनी टोपलंभर काढायला लावल्या. चिखलावर आधी काटक्यांचा थर, त्यावर ढलप्या, मग बोटाएवढी लाकडं. मोठं लाकूड घाईने ठेवलं की जाळ दबतो. माझा दोनदा विझला. तिसऱ्यांदा चहाचं आधण येईपर्यंत टिकला, तेव्हा मामांनी पातेल्यात साखर टाकली.