मण्यांची पट्टी सपाट राहण्यासाठी दोऱ्याचा ताण

पेयोट विणीची (आधीच्या ओळीतल्या दोन मण्यांमधल्या खाचेत एकेक मणी बसवत सुई-दोऱ्याने विणलेली) पट्टी टेबलावर ठेवली की ती वाकते का, ते आधी बघा. कडा वर उचलल्या असतील तर दोरा फार ओढला जातोय. मण्यांमधून दोरा डोकावत असेल तर ढिला पडतोय.

खरी गडबड पहिल्या तीन ओळींत होते. तिथे मणी फिरतात, पट्टी पिळते आणि आपण घाबरून जोर लावतो. जोर लावू नका. सुरुवातीला एक वेगळ्या रंगाचा मणी दोऱ्यात दोनदा ओवून अडकवा, दोऱ्याची शेपूट, म्हणजे मोकळं टोक, वीसेक सेंटिमीटर सोडा आणि ती करंगळीभोवती गुंडाळून धरा. पट्टी अंगठा आणि तर्जनीत. मणी ओवला की दोरा ओळीच्या दिशेनेच ओढायचा, वर नाही. मणी खाचेत 'टक्' करून बसला की थांबा आणि त्यावर अंगठ्याचं नख टेकवूनच पुढचा मणी घ्या. मला तरी ही नखाची सवय सगळ्यांत उपयोगी वाटते.

मागची ओळ ढिली राहिली तर पुढे ओढून ती सुधारत नाही, फक्त शेवटचे दोन-चार मणी आवळतात. तेवढं उसवाच.

नायलॉनचा दोरा ओवण्याआधी दोन्ही हातांनी ताणून घ्या. नाहीतर तो नंतर सैलावतो आणि चांगली विणलेली पट्टीही लोंबते. दोरा हातभरच घ्या, आणि जाडेभरडे मणी आधीच निवडून बाजूला काढा. ओळ अर्धवट सोडून उठू नका, परत बसल्यावर हात वेगळा पडतो.