पहिली पायी वारी: या चुका टाळा

माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. या वाटेवर पहिल्यांदा चालणाऱ्याची खरी कसोटी पुण्याहून सासवडला जाताना लागते. दिवे घाटाची चढण असलेली ही सर्वांत लांब मजल तीस किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि कोरे बूट घालून आलेल्यांच्या टाचा इथेच सोलवटतात. मीही ती चूक केली होती. सासवडच्या तळावर राहुटीत बूट काढले, तेव्हा मोजा टाचेला चिकटला होता. शेजारच्या आजींनी न विचारता कोमट पाण्याचा तांब्या पुढे केला, मोजा भिजवून हळूहळू सोडवला आणि दुसऱ्या दिवसासाठी स्वतःच्या जुन्या चपला दिल्या. पायताण दोन महिने आधीपासून वापरलेले असावे, पावसात भिजलेले मोजे लगेच बदलावेत, सकाळी टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल लावावे आणि फोड आलाच तर तो न फोडता स्वच्छ पट्टी बांधावी.

दुसरी चूक याहून मोठी आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. शहरातून चार मित्र मिळून येतात, आपापसांतच बोलत चालतात, जेवायला रस्त्यावरचे हॉटेल शोधतात, आणि पंढरपूर आले तरी दिंडीतल्या एकाही माणसाशी त्यांची ओळख झालेली नसते. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण वारीतली मैत्री गप्पांपेक्षा कामातून जुळते. दिंडीत भिशी, म्हणजे जेवणखाण्याच्या खर्चाचा आपला वाटा, भरून रीतसर सामील व्हावे, पंगतीत वाढायला उभे राहावे, ट्रकमधून वळकट्या उतरवायला हात लावावा. दुसऱ्याच दिवशी लोक आपणहून हाक मारू लागतात. इथे प्रत्येकजण दुसऱ्याला ‘माऊली’ म्हणतो आणि लहानमोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा कोणी वाकले की संकोचून मागे सरू नये, आपणही वाकावे. आडनाव, नोकरी, पगार यांच्या चौकशीने ओळख सुरू करू नये. कोणते गाव आणि कितवी वारी, एवढे विचारले की समोरचा माणूस कोसभर बोलत राहतो.

बोलण्याचीही वेळ असते. विणेकरी उभे आहेत, टाळ चालू आहेत, अभंग रंगला आहे, अशा वेळी मोठ्याने गप्पा मारणे किंवा ओळी तोडून दिंडीतून आडवे जाणे जुन्या वारकऱ्यांना खटकते, आणि ते योग्यच आहे. अभंग येत नसेल तर निदान धृपद उचलावे. आंघोळ करणाऱ्या किंवा झोपलेल्या माणसांचे फोटो तर कधीच काढू नयेत.

गर्दीत चुकामूक होतेच, आणि त्यात केवळ मोबाईलवर विसंबणे चुकीचे ठरते, कारण एवढ्या जनसमुदायात फोन अनेकदा लागत नाही. आपल्या दिंडीचा क्रमांक आणि ती पालखीच्या रथापुढची की रथामागची, हे कागदावर लिहून खिशात ठेवावे. रथापुढे २७ दिंड्या असतात, मागे त्याहून कितीतरी अधिक. दोन्हीकडचे क्रमांक एकपासूनच सुरू होतात, म्हणून नुसता क्रमांक सांगून माणूस भलत्याच दिंडीत पोहोचतो. हरवलेल्या सोबत्याला रथाजवळच्या रेट्यात शोधत न बसता थेट मुक्कामाच्या राहुटीवर जावे. वस्तू हरवली असेल तर संध्याकाळच्या समाज आरतीला हजर राहावे. चोपदाराने दंड उंचावताच सारा तळ शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. हरवले-सापडल्याची घोषणाही तिथेच होते.

शेवटची चूक पंढरपुरात घडते. एकादशीला कळसाचे दर्शन घेऊन लोक थेट एसटी पकडतात आणि अठरा-वीस दिवस ज्यांच्या शेजारी झोपलो, त्यांचा निरोप घ्यायचे राहून जाते. जमत असेल तर पौर्णिमेच्या गोपाळपूरच्या काल्यापर्यंत थांबावे. फोन क्रमांकाबरोबर गाव, तालुका आणि दिंडीचा क्रमांकही वहीत लिहून घ्यावा, कारण फोन क्रमांक बदलतात. मला चपला देणाऱ्या आजींचा फोन पुढे लागला नाही, त्या सापडल्या पुढच्या वर्षी, त्याच दिंडीच्या राहुटीत.