मुद्रितशोधकाची वेबसाइट: आधी मजकूर, मग डोमेन

वेबसाइट करायची म्हटली की बहुतेक जण आधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, शोधायला बसतात. मुद्रितशोधन आणि संपादनाच्या व्यवसायात ही उलटी सुरुवात ठरते. पहिल्यांदा कोऱ्या फाइलमध्ये सेवांचे पान लिहून काढा, कारण खरा घोळ तिथेच असतो. ‘जरा शुद्धलेखन बघून द्या’ म्हणणाऱ्याला कधी नुसते ऱ्हस्व-दीर्घ तपासून हवे असतात, कधी वाक्ये सुधारून, तर कधी अख्खे प्रकरण नव्याने रचून. हा फरक साइटवर कळला नाही, तर पहिला वाद दरावरून होतो आणि दुसरा काम दिल्यावर.

व्याख्या देण्यापेक्षा एकच वाक्य मुद्रितशोधन आणि संपादन या दोन्ही सेवांमधून काढून दाखवा. उदाहरणार्थ:

मूळ: परिक्षेचा निकाल उद्या लागणार असून विद्यार्थांनी व त्यांच्या पालकांनी शाळेत उपस्थित रहावे असे कळविण्यात येत आहे.

मुद्रितशोधन: परीक्षेचा निकाल उद्या लागणार असून विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी शाळेत उपस्थित राहावे, असे कळविण्यात येत आहे.

संपादन: परीक्षेचा निकाल उद्या लागेल. विद्यार्थ्यांनी पालकांसह शाळेत यावे. (लेखकास प्रश्न: किती वाजता?)

मुद्रितशोधनात तीन शब्द आणि एक स्वल्पविराम बदलला. वाक्य लेखकाचेच राहिले. संपादनात वाक्य मोडले आणि वर एक शंकाही निघाली. दोन्हींचे दर वेगळे का, हे आता निराळे समजावावे लागत नाही. नमुना मात्र स्वतः रचलेला हवा. ग्राहकाच्या संहितेतला परिच्छेद नावे बदलून टाकणे हा विश्वासघातच. शिवाय वाक्य जसेच्या तसे शोधले, तर मूळ पुस्तक सापडू शकते.

याच पानावर काय करत नाही तेही लिहा: मांडणी, अनुवाद, संदर्भांची पडताळणी, जे नसेल ते. दर पानांच्या संख्येवर नको, शब्दसंख्येवर ठेवा. अक्षराचा आकार वाढवला की तीच संहिता जास्त पानांची होते. दुरुस्त्यांची किती आवर्तने दरात धरली आहेत, आगाऊ रक्कम किती आणि काम संपल्यावर फाइल किती दिवस जपून ठेवता, एवढे आले की पान पुरे.

आता डोमेन. देवनागरीत डोमेन मिळते, पण काही ठिकाणी त्याचे रोमन सांकेतिक रूप दिसते आणि ग्राहकाला ते फसवे वाटते. मुख्य पत्ता रोमनमध्येच घ्या. मराठी शब्द रोमनमध्ये चार जण चार प्रकारे लिहितात, तेव्हा नाव फोनवर एकदा सांगून पाहा. एकेक अक्षर फोडून सांगावे लागले तर ते सोडा. नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर करा, साइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे. डॉट कॉमसारखे नाव घेतल्यावर पडताळणीचा ईमेल येतो. त्यातला दुवा १५ दिवसांत उघडला नाही, तर चालू साइट बंद पडू शकते.

होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, फार वेळ घालवू नका. चार-पाच पानांच्या साइटला साधे होस्टिंग पुरते. एचटीटीपीएस (साइटशी होणारी सुरक्षित जोडणी) आणि आपोआप होणारा बॅकअप मात्र हवाच.

वर्डप्रेस (साइट बनवण्याची प्रणाली) वापरणार असाल तर प्रत्येक पानाचा पत्ता हाताने, छोट्या रोमन शब्दात लिहा. मराठी शीर्षकावरून आपोआप होणाऱ्या पत्त्यात देवनागरीचे एकेक चिन्ह ९ रोमन चिन्हांचे होते, काना-वेलांटीसुद्धा. मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर शीर्षक मध्येच तुटते, आणि तो दुवा कुणाला पाठवला की टक्केचिन्हांची माळ दिसते.

थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, निवडताना तिचे नमुना-चित्र पाहून भुलू नका. त्यात मराठी मजकूर टाकून पाहा. अनेक थीममध्ये शीर्षके आणि बटणे यांच्या अक्षरांत अंतर वाढवलेले असते. रोमनमध्ये ते देखणे दिसते, देवनागरीत शिरोरेघ तुटते. सीएसएसमधले (साइटचे रूप ठरवणाऱ्या नियमांमधले) ‘लेटर-स्पेसिंग’ शून्य करा. ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर प्रत्येक फोन आपल्या मनाचा फॉन्ट लावतो, म्हणून ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ यांसारखा फॉन्ट मुद्दाम नेमा. साइटची भाषाही ‘मराठी’ निवडा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात मग ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात.

जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची प्रमाण संगणकीय पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर साइटवर निव्वळ रोमन कचरा उमटतो. रूपांतर केल्यावरही रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ ही जोडी तपासा: स्वयंपाक्याचा गुरुजी झाला असेल, तर बाकीचा मजकूरही नव्याने वाचावा लागेल.

चौकशीच्या फॉर्ममध्ये नाव आणि ईमेलखेरीज पाच गोष्टी विचारा: मजकुराचा प्रकार, शब्दसंख्या, हवी असलेली सेवा, फाइल कशात आहे आणि काम कधी हवे. सोबत ५०० शब्दांचा नमुना मागा, पण संहितेच्या मधला. पहिली पाने लेखकाने दहादा घासलेली असतात. त्यावरून अंदाज बांधला तर तोटा ठरलेला.

फॉर्म भरला जातो, पण ईमेल पोचत नाही, ही तक्रार नेहमीची. फॉर्म बहुधा भरणाऱ्याचाच पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावतो. तुमच्या सर्व्हरला त्या पत्त्यावरून ईमेल पाठवायचा अधिकार नसतो, म्हणून तो स्पॅममध्ये जातो किंवा परत फिरतो. प्रेषक म्हणून स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता ‘उत्तर इथे’ (रिप्लाय-टू) या रकान्यात घाला, ईमेल एसएमटीपीमार्फत, म्हणजे खात्यात लॉगिन करून, पाठवा आणि डोमेनच्या नोंदींत एसपीएफ व डीकेआयएम या ईमेल खरा असल्याची खात्री देणाऱ्या नोंदी बसवा. मग दोन वेगळ्या ईमेल सेवांवरून चाचणी करा.

साइट खुली करण्याआधी सगळी पाने कागदावर छापून एक दिवस बाजूला ठेवा आणि मग पेन घेऊन वाचा. मुद्रितशोधकाच्या साइटवर चूक शोधणारे काही कमी नसतात! चुका मुख्य मजकुरात फारशा उरत नाहीत. त्या बटणावर, चित्राच्या पर्यायी मजकुरात (चित्र न दिसल्यास दिसणाऱ्या), फॉर्म चुकल्यावर येणाऱ्या सूचनेत, आपोआप जाणाऱ्या उत्तरात आणि ‘पान सापडले नाही’ या पानावर लपतात. वर्डप्रेसने आपोआप घातलेली ‘हॅलो वर्ल्ड’ ही नमुना-नोंद काढून टाका. शेवटी वर्डप्रेसच्या वाचन-सेटिंगमध्ये जाऊन शोधयंत्रांना साइटपासून दूर ठेवणाऱ्या चौकटीतली खूण काढा. काम चालू असताना ती मुद्दाम केलेली असते आणि नंतर महिनोन् महिने तशीच राहते.