नवा जवान स्टेशनवर आला की जुन्यांनी या चुका टाळाव्यात

अग्निशमन दलातला नवा जवान प्रशिक्षण संपवून स्टेशनवर हजर होतो, तेव्हा त्याला होज (पाण्याचा पाइप) जोडता येतो, शिडी चढता येते, गाठी मारता येतात. १०८ च्या रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला सलाईन लावता येतं, सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) देता येतो. दोघांनाही जड जातं ते वेगळंच. अनुभवी, अनोळखी माणसांसमोर ‘मला हे कळलं नाही, परत सांगा’ असं म्हणणं. पहिल्या पंधरवड्यात जुनी मंडळी जशी वागतात, त्यावरून तो पुढे विचारत राहणार की गप्प बसणार हे ठरून जातं. आणि गप्प बसलेला माणूस धुरात सोबत असणं फार धोक्याचं. म्हणून नव्या माणसाचं स्वागत मी सुरक्षेच्या कामात धरतो. खालच्या चुका मोठ्या शहरातल्या केंद्रांत होतात, तशाच नगरपालिकेच्या एकुलत्या एक बंबाच्या स्टेशनवरही होतात.

‘तिकडचं शिकलेलं इथे विसर’

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम करून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी हे ऐकवलं की तो दोन गोष्टी शिकतो: आपल्याला काही येत नाही, आणि इथे नियम पाळणं हे हसण्यासारखं आहे. हेल्मेटचा पट्टा लावणं, बीए सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) घालण्याआधी प्रेशर बघणं, शिडीच्या पायाशी माणूस उभा करणं या सवयी त्याच्या अंगात नुकत्या मुरायला लागलेल्या असतात. जुन्या तांडेलाला (जवानांच्या म्होरक्याला) एखादी पायरी गाळता येते, कारण कुठली पायरी कधी गाळली तर चालेल हे त्याला वीस वर्षांच्या कामाने शिकवलेलं असतं. नव्याला ते कळायला वाव नसतो.

स्टेशनची पद्धत खरंच वेगळी असेल तर कारणासकट सांगा. ‘आपल्या हद्दीत पेठेतल्या गल्ल्या अरुंद आहेत, म्हणून गाडी मोठ्या रस्त्यावर लावतो आणि होज हातावर आत नेतो.’ ‘इथल्या हायड्रंटला (बंबासाठीच्या पाण्याच्या नळाला) दाब मिळत नाही, म्हणून वर्दी (आगीची खबर) आली की सोबतच टँकर काढतो.’ एवढं सांगितलं की शिकलेलं आणि इथलं यांचा मेळ तो स्वतःच घालतो.

बीए सेट एकदा दाखवून मोकळं होणं

यावर थोडं थांबून लिहितो, कारण घाईचं स्वागत सगळ्यात महाग पडतं ते इथे. सेट कसा घालायचा हे नव्याला माहीत असतं. त्या सेटवर आपण स्वतः किती वेळ टिकतो, हे माहीत नसतं.

सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारने हवा भरली की साधारण १,८०० लिटर हवा मिळते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. हा हिशोब कागदावर बरोबर आहे. पण जिन्यावरून होज ओढत चढणारा, पहिल्यांदा खऱ्या धुरात शिरलेला, छाती धडधडणारा तरुण मिनिटाला ८० लिटरही ओढतो. मग ४५ ची २२ मिनिटं होतात. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, सेटनुसार थोडं मागेपुढे. तेव्हा सिलिंडरमध्ये ३३० लिटर उरलेले असतात, म्हणजे शांत माणसाला आठ मिनिटं आणि घाबरलेल्याला चार. शिट्टी वाजल्यावर निघू असं ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, तो तिसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीतून चार मिनिटांत बाहेर येईल का, हा प्रश्न ड्रिल यार्डातच विचारायला हवा.

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. पहिल्या आठवड्यात नव्याला एका जुन्यासोबत सेट घालून स्टेशनच्याच जिन्यावर चढ-उतार करायला लावा. होज खांद्यावर द्या. सुरुवातीचं आणि शेवटचं प्रेशर वहीत लिहा. दुसऱ्या वेळी मास्कच्या काचेवर कागद लावा, म्हणजे काही दिसणार नाही, आणि होज चाचपत बाहेर यायला सांगा. कपलिंग (दोन होजमधला सांधा) हाताला लागली की दिशा कशी ओळखायची, हे तिथे हात धरून शिकवा. पळायला लावू नका, घड्याळ लावून शर्यत तर अजिबात करू नका. तो आपला आकडा ओळखेल एवढंच हवंय. आणि जुन्यांचे आकडेही त्याच वहीत लिहा. वयाने, पोटाने, सिगारेटने आपली हवा किती लवकर संपते हे नव्याच्या शेजारीच दिसलं, की ‘किती उरली?’ हा प्रश्न कुणालाही कमीपणाचा वाटत नाही.

याच वेळी दाढीचंही सांगून टाका. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हवा गळते. हे हसत हसत, पण पहिल्याच दिवशी सांगायचं.

चेष्टेची वर्दी

रात्री खोटी बेल वाजवून नव्याला पळवणं, गमबूट लपवणं, नसलेलं सामान आणायला पाठवणं. हे सरळ बंद करा. बेल वाजली की आधी ‘खरी असेल का?’ असा विचार त्याच्या मनात यायला लागला, तर ते आपण शिकवलेलं असतं.

झाडू आणि चहा

गाडी धुणं, लॉकर पुसणं हे नव्याला द्यायला काहीच हरकत नाही. उलट गाडी ओळखायचा तोच चांगला मार्ग. चूक होते ती त्याला एकट्याला बादली देऊन बाकीचे आत बसतात तेव्हा. सोबत एक जण उभा राहून ‘हा डिव्हायडिंग ब्रीचिंग, हा कलेक्टिंग हेड, कटर या बाजूला, त्याचं पेट्रोल इथे’ असं सांगत राहिला तर आठवड्याभरात तो पोरगा अंधारात हात घालून वस्तू काढतो. चहाची मात्र पाळी लावा, आणि त्या पाळीत तांडेलाचंही नाव असू द्या.

१४ एप्रिलला नुसतं उभं करणं

अग्निशमन सेवा दिनाच्या संचलनात नवे जवान पहिल्या रांगेत असतात. कशासाठी उभे आहोत, हे त्यातल्या अनेकांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. आग दुपारी दोनच्या सुमारास लक्षात आली, पहिला मोठा स्फोट चारनंतर झाला. मधले जवळपास दोन तास बंबवाले होज धरून पाणी मारत होते. अग्निशमन दलाची ६६ माणसं त्या दिवशी गेली.

हे सांगताना फक्त शौर्यावर थांबू नका. कुठल्याही गोदामापाशी, कारखान्यापाशी, भंगाराच्या दुकानापाशी पहिला प्रश्न ‘आत काय साठवलंय?’ हा का विचारायचा, ते या घटनेशी जोडून सांगा. तसंच मुंबईतल्या काळबादेवीचं. ९ मे २०१५ च्या त्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्यांत होते. एवढा अनुभव असलेली माणसं इमारतीखाली सापडू शकतात, तर ‘भिंतीला तडा दिसतोय’ म्हणणाऱ्या नव्या पोराला ‘घाबरलास काय?’ म्हणून गप्प करायचा हक्क कुणालाच नाही.

मुलगी आली म्हणून वॉच रूमला बसवणं

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर या पहिल्या विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या, त्याला आता दोन दशकं उलटून गेली. तरीही नवी फायरवुमन आली की तिला फोन आणि नोंदवहीपाशी बसवून ठेवणारी स्टेशनं आहेत. हेतू काळजीचा असेलही. पण वर्षभर वॉच रूममध्ये बसलेल्या जवानाला, मग तो पुरुष असो वा बाई, मोठ्या आगीत पुढे कसं नेणार?

तिच्या येण्याआधी तीन गोष्टी बघा. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का? गमबूट आणि हातमोजे तिच्या मापाचे मागवलेत का? सैल गमबुटाने शिडीवर पाय घसरतो, मोठ्या हातमोज्यात कपलिंग पकडता येत नाही, आणि मग तिला ‘जमत नाही’ असा शिक्का बसतो. तिसरं, रात्रपाळीत ती एकटीच बाई असेल तर अडचण कुणाला सांगायची, ते नाव तिला पहिल्या दिवशी द्या.

रुग्णवाहिकेत डॉक्टर आणि पायलट यांची ओळखच न होणं

राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, आणि गाडीवर डॉक्टर असणं हे तिचं वैशिष्ट्य. अनेकदा डॉक्टर पंचविशीतला आणि पायलट, म्हणजे गाडी चालवणारा, पंचेचाळिशीचा. पदाने डॉक्टर वर, पण कुठल्या वस्तीत स्ट्रेचर जात नाही, कुठल्या फाटकावर किती वेळ अडकतो, कोणत्या रुग्णालयात रात्री कुठल्या दाराने आत घ्यायचं हे पायलटला ठाऊक. नव्या डॉक्टरने पायलटला नुसता ड्रायव्हर समजलं, किंवा पायलटने ‘बघू पोरीला किती येतं’ म्हणून हात बांधले, की नुकसान रुग्णाचं होतं.

पहिल्या पाळीच्या सुरुवातीला दोघांनी मिळून गाडी तपासावी. पायलटने सांगावं, डॉक्टरने हाताळून बघावं. सक्शन मशीन चार्ज आहे का, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, लहान मुलाचा अँबू मास्क (हाताने श्वास द्यायच्या पिशवीचा मास्क) कुठल्या खणात आहे. आणि ऑक्सिजन सिलिंडर उघडायची चावी. ती सिलिंडरलाच दोरीने बांधलेली असावी. रात्री दोनला रुग्ण निळा पडत असताना चावी शोधणारा डॉक्टर तो प्रसंग जन्मभर विसरत नाही.

सीपीआरचंही आधीच ठरवून ठेवा. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे दर दोन मिनिटांनी माणूस बदलला तरच टिकतं. बदली कोण आणि आवाज कोण देणार, हे घटनास्थळी ठरवायला वेळ मिळत नाही. ‘मामा, आता तुम्ही’ एवढं म्हणायला डॉक्टरला संकोच वाटू नये.

पहिल्या मृत्यूनंतर ‘सवय होईल’ म्हणणं

कामावरचा पहिला मृत्यू सगळ्यांच्याच वाट्याला येतो. जळालेलं माणूस, रस्त्यावरचं लहान मूल, विहिरीतून काढलेली बाई. परत आल्यावर जुने लोक दोन टोकांना जातात. एकतर ‘आम्ही असे शंभर बघितले’ म्हणून विषय उडवतात, नाहीतर सगळ्यांसमोर बसवून ‘कसं वाटलं, बोल’ म्हणून खोदून विचारतात. दोन्हीने त्रासच होतो. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून जबरदस्तीने बोलतं करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही.

काम करतं ते साधं असतं. आंघोळीला वेळ द्या, धुतलेले कपडे, काहीतरी गरम खायला. मग पाळीवरच्या सगळ्यात अनुभवी माणसाने एकट्याने त्याच्याशी बोलावं, आणि काय घडलं ते सरळ सांगावं: ‘आपण पोचलो तेव्हाच ती गेलेली होती. तू दार तोडायला जेवढा वेळ घेतलास, त्यापेक्षा कमी वेळात ते तुटलंच नसतं.’ नव्या माणसाच्या डोक्यात रात्रभर फिरत असतं ते ‘माझ्यामुळे उशीर झाला का?’ हेच. त्याचं खरं उत्तर त्याला मिळायला हवं. खरंच उशीर झाला असेल तर तेही दडवू नका. कुठे झाला आणि पुढच्या वेळी काय करायचं हे सांगा, फक्त त्याच रात्री नको.

दोन-तीन दिवसांनी परत विचारा, आणि महिन्याने पुन्हा. झोप येत नाही, चिडचिड वाढली, दारू वाढली, एखाद्या रस्त्यावरून जायचं टाळतो, असं काही आठवड्यांनंतरही चालू असेल तर डॉक्टरांकडे न्यायची वेळ झाली. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर वॉच रूमच्या भिंतीवर १०१ आणि १०८ च्या शेजारी लिहून ठेवा.

एवढं करूनही गाडं अडलं तर

दर वेळी गाडीत चढायला उशीर होतो? आधी त्याचे गमबूट आणि कोट कुठे ठेवलेत ते बघा. बऱ्याचदा नव्याला सगळ्यात आतला हुक मिळालेला असतो. वायरलेसवरचं बोलणं कळत नाही? हद्दीतल्या गावांची, सोसायट्यांची नावं त्याला माहीत नसतात. सुट्टीच्या वेळात मोटारसायकलवर मागे बसवून हद्द फिरवून आणा. कामात चुका होत नाहीत, पण कुणाशी बोलत नाही? जेवणाच्या डब्यापाशी बघा, तो कुणासोबत बसतो ते. एकटा बसत असेल तर मोठं भाषण नको, आपला डबा घेऊन शेजारी बसा. घरचे घाबरलेले असतील तर एखाद्या रविवारी आई-वडिलांना स्टेशनवर बोलवा, सेट आणि कोट हातात घेऊन बघू द्या.

आणि महिना-दोन महिने सगळं करूनही एखाद्याचं त्या पाळीत जुळलंच नाही, तर पाळी बदलून द्या. बदलताना नव्या पाळीच्या प्रमुखाला त्याची बीएची वही द्या, तो कुठली कामं चांगली करतो ते सांगा, आणि कुठल्या घटनेनंतर तो गप्प झाला असेल तर तेही त्याला विचारूनच सांगा.