जिल्ह्यात नेटवर्क आणणाऱ्या माणसाचं पद्म नामांकन कसं भरावं

एनआयसीनेट हे सरकारी संगणकांना जोडणारं जाळं १९८०च्या दशकाअखेरीस उपग्रहाच्या आधारानं जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत आलं. यवतमाळ-बुलडाण्यासारख्या ठिकाणी ते चालू ठेवणारी माणसं आता निवृत्त होऊन गावी राहतात. त्यांचं नाव पद्म पुरस्कारासाठी सुचवायला आमदार-खासदाराचं पत्र लागत नाही. कोणीही नागरिक नाव सुचवू शकतो.

आधी पात्रता बघा. सेवेत असलेले सरकारी कर्मचारी चालत नाहीत. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ तेवढे अपवाद. व्यक्ती हयात नसेल तर हा सन्मान सहसा मिळत नाही, म्हणून वय झालेल्यांचं नाव पुढच्या वर्षावर ढकलू नका.

नामांकन फक्त राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, ऑनलाइन. अलीकडं मूळ मुदत ३१ जुलैची असते, कधी ती वाढतेही, म्हणून यंदाची तारीख पोर्टलवरच पाहा. जुलै म्हणजे डवरणी-निंदणीचे दिवस, त्यामुळे कागदपत्रं उन्हाळ्यातच जमवलेली बरी.

खरं काम आहे ते मजकुराचं: त्या व्यक्तीनं काय केलं ते जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं असतं. बहुतेक नामांकनं इथंच कच्ची राहतात. “त्यांनी संगणक क्षेत्रात मोलाची कामगिरी केली” या वाक्यातून निवड समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: “अमुक साली जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गच्चीवर उपग्रह अँटेना बसवली. टपालानं जाणारा पीक-पाण्याचा अहवाल त्याच दिवशी मुंबईला जाऊ लागला. लाईन गेल्यावर बॅटरीवर यंत्रणा चालावी याची सोय केली. इतके कर्मचारी शिकवून तयार केले.” साल, जागा, आधी काय होतं, नंतर काय झालं. प्रत्येक वाक्यामागं कागद हवा: नेमणुकीचा आदेश, परिपत्रक, जिल्हा ग्रंथालयातलं जुनं कात्रण. ज्याला कागद नाही ते वाक्य काढून टाका.

नेटवर्कच्या कामाला सरकारी सन्मान मिळतो का, अशी शंका घेणारे भेटतील. हे जाळं उभारणाऱ्या एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे संस्थापक महासंचालक एन. शेषगिरी यांना २००५ मध्ये पद्मभूषण मिळालं. अमेरिकेनं टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवर संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, रचणाऱ्या व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांना १९९७ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक दिलं. दिल्लीतल्या आखणीला मान मिळाला, तसा तालुक्या-जिल्ह्यात ती उभी करणाऱ्यांनाही मिळायला हवा. मजकुरात मात्र ही उदाहरणं एका ओळीपुरतीच. ८०० शब्द तुमच्या माणसाचे आहेत.

सेतू केंद्रावरून भरणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. तिथं अनेक ठिकाणी अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग चालतं, आणि तो मजकूर पोर्टलवर चिकटवला की अक्षरांचा चुथडा होतो. देवनागरी युनिकोडमध्येच टाइप करून घ्या, ७५० शब्दांवर थांबा, फाइल पेनड्राइव्हवर ठेवा आणि मगच पोर्टलवर चिकटवा. पोर्टलवर थेट टाइप करत बसलात आणि मध्येच लाईन गेली, तर सगळं पुन्हा. नोंदणीला स्वतःचाच मोबाइल नंबर द्या, कारण पुढं लॉगिन करायला ओटीपी त्याच नंबरवर येतो. सादर झाल्यावर पोचपावतीची प्रिंट काढून ठेवा. नावं २६ जानेवारीच्या सुमारास जाहीर होतात. यंदा नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी नव्यानं भरा, तोच मजकूर आणखी कागद जोडून.