भिंत, पुस्तिका की पडदा? फोटोग्राफी प्रोजेक्ट मांडायचा कसा

सबमिशनला पंधरा दिवस उरलेत आणि वर्गातला जो तो १२ बाय १८ इंची प्रिंट सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पुठ्ठ्यावर, चिकटवायला निघालाय. जरा थांबा. सनबोर्ड वाईट नाही, पण तुमच्या फोटोंना तो हवाय का?

आधी तीस-चाळीस फोटोंच्या ४ बाय ६च्या साध्या प्रिंट काढा आणि घरात फरशीवर पसरा. मोबाइलवर हे जमत नाही, तिथं एका वेळी एकच फोटो नीट दिसतो. दोन दिवस तशाच राहू द्या, येता-जाता जागा बदला. घरचे ओरडतील, ओरडू द्या. सारखे वाटणारे दोन असतील तर एक उचला. पंधराच्या आसपास आलात की पुरे.

आता एकच तपासा: एक फोटो काढून घेतला तर शेजारच्याचं अडतं का? गुऱ्हाळाचं उदाहरण घ्या. ऊस, चरक, उकळती काहिल, गुळव्याचा हात, गार व्हायला वाफ्यात ओतलेला पाक, शेवटी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. मधली काहिल काढली की पुढचं लंगडं पडतं. अशा क्रमाला पुस्तिका शोभते. तालमीतल्या पैलवानांची पोर्ट्रेट मात्र एकेकटी उभी राहतात. लाल मातीनं माखलेला चेहरा समोरासमोर, मोठाच बघावा; ती भिंतीवर. कोल्हापुरी चपलेची वेणी आणि टाके जवळून बघायची गोष्ट. त्यांच्या छोट्या प्रिंट खोक्यात घालून टेबलावर ठेवा, बघणाऱ्यानं हातात घ्याव्यात.

भिंत ठरली तर खरी मेहनत इथं आहे. १२ बाय १८ला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. हातभर लांबून बघायच्या प्रिंटला २००सुद्धा चालतं. फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि हा कागद ३:२. म्हणजे आडव्या फोटोच्या उंचीचा नववा हिस्सा कापला जाणार, आणि लॅबवाला तो आपल्या मनानं कापणार. पैलवानाचे पाय तिथंच जातात. कापणी स्वतः करा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर निम्मा तपशील वाटेतच सांडतो.

कागद मॅटच घ्या. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी हौसेनं ग्लॉसी घेतला होता. लोकांना फोटोत ट्यूबलाइटच दिसत होत्या. सगळ्या प्रिंट काढण्याआधी सर्वांत काळपट फोटोची एक नमुना प्रिंट काढा. स्क्रीनवर उजळ वाटणारा फोटो कागदावर हमखास गडद येतो. पातळ डिंकानं चिकटवलेली प्रिंट वाळताना आखडते आणि बोर्ड वाकतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी चिकटणारी शीट वापरा. बोर्ड ३ मिलिमीटरचा नको, ५चा घ्या. लावताना सगळ्या फोटोंचे मध्यबिंदू जमिनीपासून साधारण पाच फुटांवर एका दोरीत धरा. वरच्या कडा जुळवत बसू नका, लहान-मोठे फोटो असले की ते फसतं. कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात दुसऱ्या कुणाचं प्रदर्शन असेल तेव्हा एक चक्कर मारा आणि फोटो सोडून त्यांची मांडणी बघा.

पुस्तिका मधोमध टाचायची तर पानं चारच्या पटीत: १६, २०, २४. घडीवर चेहरा येऊ देऊ नका. आधी कोऱ्या कागदाची डमी घडी घालून पानं उलटून बघा, चुका तिथंच सापडतात.

स्लाइड शो शक्यतो टाळा, असं मी सांगेन. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर सावल्यांमधला तपशील मरतो. रंकाळ्यावरच्या संध्याकाळचा आवाजही तुम्ही टिपला असेल तर मात्र करा. फाइल १९२० बाय १०८०, एका फोटोला पाच-सहा सेकंद, आणि फिरत-उडत येणारी एकही स्लाइड नको. त्याच खोलीत, त्याच वेळी एकदा लावून बघा. दुपारी पडदे नसलेल्या खोलीत काहीच दिसत नाही.

फोटोखालच्या ओळी मराठीतच लिहा, दोनच. ‘कष्टाचा घाम’ वगैरे नको. कोण, कुठं, काय करतंय एवढं पुरे. पैलवानाचं नाव छापायचं असेल तर त्याला आणि वस्तादांना आधी विचारा. प्रिंट टाकताना त्यांच्यासाठी एक जादा टाका, नंतर एकच प्रिंट काढायला लॅबमध्ये पुन्हा हेलपाटा पडतो.